तळघरातून आलेली ओ

१

दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मी ल्योंहून बोजोलेच्या द्राक्षमळ्यांत बहिणीकडे जाते. तासाभराचा रस्ता. जाताना रिकाम्या बाटल्यांचे खोके आणि तिच्या आवडीचा गुलाबी बदामांचा टार्ट न्यायचा, येताना तिच्या वाइनने भरलेल्या बाटल्या आणि तिच्या तक्रारी आणायच्या. बत्तीस वर्षांत यात खंड नाही. माझा काडीमोड झाला त्या वर्षीसुद्धा गेले होते, आणि तिच्या नवऱ्याने, रेमोंने, माझं तोंड बघून न विचारता दोन खोके जास्त भरले होते.

तो रेमों गेल्या ऑक्टोबरात वारला. मी येऊन गेले आणि पुढच्याच आठवड्यात. तळघरात आंबत्या रसाचा गॅस साचला होता. आमच्याकडे ही बातमी कोणाला नवीन नसते, दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या वाडीत होतं. तरी आपल्या घरात झालं की पायाखालची जमीन सरकतेच.

यंदा शुक्रवारी दुपारी पोचले. अंगणात गाडी लावली, हाक मारली, "सोलांज!" स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. ती थांबली. ओ मात्र आली नाही. मी खोके उतरवले, पुन्हा हाक मारली. मग ती हात पुसत बाहेर आली, अगदी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिने माझ्या कोटाची बाही चाचपून पाहिली.

"अगं, हाक मारली तर ओ द्यायला तुला काय होतं? बहिरी झालीस की काय?"

"ऐकू आली. म्हणून तर आले."

गालाला गाल लावले तर तिचा गाल गार होता. मला वाटलं, एकटेपणा. माणूस वर्षभर एकटं राहिलं की सवयी बदलतात.

पण संध्याकाळपर्यंत मी चांगलीच वैतागले. मी वर कपडे बदलत होते, खालून तिने हाक मारली, "ओदील!" मी म्हटलं, "काय गं?" झालं. जिना चढून बाईसाहेब दारात हजर.

"दार उघड."

"अगं, मी कपडे बदलतेय."

"एकदा दिसू दे."

उघडलं. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मान हलवली आणि "बटाटे सोलायचेत" म्हणून निघून गेली. एवढंच सांगायला दोन जिने! असं चार वेळा झालं. ती माझ्या आवाजावर विश्वास ठेवतच नव्हती.

२

जेवताना मी विषय काढला. द्राक्षाच्या चोथ्यावर शिजवलेला सॉसेज होता, उकडलेले बटाटे होते, आणि रेमोंची खुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मी छत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिलेली बाई. लोक दुखणं लपवतात कसं आणि ते बाहेर काढायचं कसं, हे मला कळतं.

"सोलांज, सरळ बोल. काय झालंय तुला?"

तिने बराच वेळ पावाचा तुकडा कुस्करला. मग म्हणाली, "त्या दिवशी त्याने ओ दिली होती."

त्यांच्या घराची रीत मला माहीत होतीच. घरात सून आली की तिच्या नावाचं एक मोठं लाकडी पिंप तळघरात उभं राहतं. आठ पिंपं, आठ सुना. जिन्याजवळ क्लोदीन, मग फिलिबेर्त, त्वानेत, बनोआत, अजेनी, क्लोतील्द, आंरियेत, आणि सगळ्यांत टोकाला माझी बहीण सोलांज. रस आंबत असताना सालं वर तरंगून त्यांचा थर धरतो. तो दिवसातून दोनदा दांड्याने खाली दाबावा लागतो. एकाने शिडी आणि मेणबत्ती घेऊन उतरायचं. मेणबत्ती गुडघ्याच्या उंचीला धरायची, कारण गॅस जड, तो पायाशी साचतो. ज्योत विझली की उलट्या पावली वर. दुसऱ्याने जिन्याच्या तोंडाशी, स्वयंपाकघरातल्या दारात उभं राहायचं आणि दर थोड्या वेळाने विचारायचं, "कुठे?" खालच्याने ज्या पिंपापाशी असेल त्याचं नाव सांगायचं. ओ आली नाही तर वरच्याने खाली जायचं नाही. म्हणजे नाहीच. पहिल्याला शोधायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. अंगणातली घंटा वाजवायची, माणसं जमवायची आणि बाजूचं खालचं दार उघडून गॅस बाहेर सोडायचा. पण जोवर ओ येतेय तोवर त्या दाराला कोणी हात लावत नाही. ऑक्टोबरचा गारठा आत शिरला की आंबणं मरतं, आणि मग वर्षभराचा रस गटारात.

"मी दारातच उभी होते," सोलांज म्हणाली. "कुठे, म्हटलं की तो नाव सांगायचा. क्लोदीन. फिलिबेर्त. त्वानेत. आठही नावं सांगितली गं त्याने. चाळीस मिनिटं. आणि सापडला त्वानेतच्या पायाशी. डॉक्टर म्हणाले, पाच पिंपं राहिली होती तेव्हाच गेला."

मी काटा खाली ठेवला.

"मग नंतरची पाच नावं कोणी सांगितली, ओदील?"

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण माझा स्वभाव असा की काटा आला की मी रागावते. तिला म्हटलं, "चाळीस वर्षं रोज तीच नावं त्याच क्रमाने ऐकलीस. कानाला सवय झाली. मन घाबरलं की कान आपोआप भर घालतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे."

"मी जागी होते."

"जागेपणीही दिसतं. माझ्या दुकानात येऊन लोक काय काय सांगायचे!"

"बेर्नोदांने पाच वाजता खालचं दार उघडलं," ती म्हणाली. "अकरापासून पाचपर्यंत मी दारातच होते. गावात सगळे म्हणतात, बाई घाबरली. नवरा मरत होता आणि ही घंटासुद्धा वाजवायला हलली नाही."

बेर्नोदां म्हणजे शेजारचा द्राक्षवाला, रेमोंचा शाळेपासूनचा मित्र. यंदा तिची पिंपं तोच आणि त्याचा गडी दाबत होते. सोलांज वर्षभरात एकदाही खाली उतरली नव्हती. आणि इथे मी ते वाक्य बोलले. जिभेला हाड नसतं हेच खरं.

"उद्या त्याला येऊ नको म्हणून सांग. तू स्वतः जा. आता पंखा बसवलाय, वर मी उभी आहे. एकदा उतरून आलीस की मनातलं भूत निघून जाईल."

तिने ताटं गोळा केली. मग म्हणाली, "तू दारातून हलणार नाहीस?"

"मी कुठे जाणार आहे?"

३

शनिवारी सकाळी अकरा वाजता ती उतरली. लखलखीत ऊन होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचे पिवळे पडलेले द्राक्षमळे दिसत होते, रेडिओवर पाककृती चालली होती. मी तो बंद केला. दाराशी स्टूल ओढलं, हातात कॉफीचा वाडगा घेतला. सतरा दगडी पायऱ्या, तळाला वळण, त्यामुळे खालचं काही दिसत नाही. आंबट-गोड वास येत होता आणि पंख्याची घरघर.

"कुठे?"

"क्लोदीन!" तिचा आवाज जरा थरथरला, पण खणखणीत आला. मग शिडी टेकल्याचा ठक, दांडा बुडाल्याचा चुबुक-चुबुक आवाज, तिचं धापा टाकणं. पाच-सहा मिनिटांनी शिडी फरशीवरून खरखरत पुढे सरकली.

"कुठे?"

"फिलिबेर्त! ही बया फारच फुगलीय!"

मी हसले. वर्षभराने माझी बहीण थट्टा करत होती. मला मनातून स्वतःचाच अभिमान वाटला, आता सांगायला लाज वाटते.

"कुठे?"

"त्वानेत." हे जरा हळू आलं. साहजिक आहे, रेमों तिथेच पडला होता. मी तिला वेळ दिला. चुबुक-चुबुक सुरू झालं. कॉफी निवली होती, ती मी तशीच प्यायले.

कधी तरी माझ्या लक्षात आलं की घरात फार शांत वाटतंय. मुद्दाम कान देऊन ऐकलं. पंख्याची घरघर नव्हती. ती कधी थांबली तेही सांगता येईना.

"सोलांज! पंखा बंद पडलाय. वर ये!"

"बनोआत," ती म्हणाली.

"अगं बनोआत मरू दे. पंखा बंद आहे. वर ये म्हणते ना!"

ओ नाही, हालचाल नाही. पण लगेच ओ आली नाही म्हणजे काही झालंच असं थोडंच असतं? ती शिडीवर असेल, तोंड पिंपात असेल. मी मनात साठ मोजले.

"कुठे?"

"अजेनी."

तेव्हा दोन गोष्टी एकदम ध्यानात आल्या. बनोआतपासून अजेनीपर्यंत शिडी सरकल्याचा आवाज आलाच नव्हता. दांड्याचाही नाही. आणि अजेनी म्हणजे पाचवं पिंप, जिन्यापासून बरंच आत. आवाज दुरून यायला हवा. तो जवळ आला होता. क्लोदीनच्या वेळी होता त्याहून जवळ.

आता माझं डोकं किती नाठाळ पाहा. त्याही वेळी ते मला समजावत होतं, की तळघरात आवाज घुमतो, बहिणीने काल तुझ्या मनात भरवलंय, तू उगाच खालचं दार उघडशील आणि तिचा वर्षाचा रस नासवशील. ओ येतेय ना? मग झालं तर. बत्तीस वर्षं ज्या रीतीला मी अडाणी म्हणत आले, तिचाच मी त्या क्षणी आधार घेतला.

"सोलांज," मी म्हटलं, "आईच्या मांजराचं नाव काय होतं?"

"क्लोतील्द."

आवाज तिचाच होता. पण त्यात धाप नव्हती. पाच पिंपं दाबून आलेली साठीची बाई श्वास न घेता बोलत नाही. आणि सहाव्या पिंपाचं नाव सांगायला मी "कुठे" विचारलंच नव्हतं. ओ आली ती जिन्याच्या वळणापाशी, अगदी तळच्या पायरीजवळून.

वाडगा माझ्या हातून पडला. मी पळत सुटले.

४

घंटेची दोरी दोन्ही हातांनी ओढली. बेर्नोदां शेजारच्या मळ्यात ट्रॅक्टरवर होता, तो यायला दोन मिनिटंही लागली नसतील. मी तोवर खालच्या दाराशी जाऊन अडसर काढत होते. ते दार घराच्या बाजूला उतारावर आहे, आत बरोबर त्वानेतसमोर उघडतं.

"ओ देत नाही?" त्याने धावतच विचारलं.

"देतेय," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दाराला खांदा लावला. मला वाटतं, त्या पाहण्यात त्याने गेल्या वर्षीचं सगळं समजून घेतलं.

दार उघडल्यावर आतून गार, उग्र लोट पायांवरून वाहत गेला. आम्ही बाजूला झालो. त्याने गळ्यातला रुमाल नळाखाली भिजवला, तोंडावर बांधला, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरला. सोलांज त्वानेतच्या शिडीशी कुशीवर पडली होती. मेणबत्ती शेजारी विझलेली. ती खाली ठेवून सोलांज शिडीवर चढली असणार, आणि वर असताना पंखा थांबला. उतरताना ती सरळ त्या गॅसमध्ये उतरली. बेर्नोदांने तिला काखेत धरून ओढत गवतावर आणलं. ओठ निळे पडले होते. मी तिचं डोकं मागे करून तोंडात फुंकर घालायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला तिने घशातून घाणेरडा आवाज काढला आणि श्वास घेतला. देवाशपथ, तेवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

"अँब्युलन्स!" मी ओरडले. बेर्नोदां फोन करायला ट्रॅक्टरकडे पळाला.

मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. तिचं तोंड माझ्या हातात होतं, माझी बोटं तिच्या ओठांवर होती. आणि आतून तिचाच आवाज आला.

"आंरियेत."

माझ्या बोटांखालचे ओठ हलले नाहीत.

मला आत बघायचं नव्हतं. तरी बघितलं. जिन्याच्या बाजूला दिव्याचा उजेड पोचत नाही, तिथे काळोखच असतो. त्या काळोखात एक मेणबत्ती जळत होती. गुडघ्याच्या उंचीला, धरल्यासारखी. जिथे आमची मेणबत्ती विझली होती त्याच गॅसमध्ये, जिथे काडीसुद्धा पेटली नसती, तिथे ती ज्योत न हलता जळत होती. धरणारं कोणी दिसलं नाही. मी बघितलं नाही म्हणा हवं तर.

"सोलांज," आवाज म्हणाला. आठवं नाव.

मग ज्योत पायऱ्या चढू लागली. सावकाश, एकेक पायरी, म्हातारं माणूस चढतं तशी. मी पायऱ्या मोजल्या नाहीत. वळणापलीकडे ज्योत दिसेनाशी झाली, आणि पायऱ्यांवर वरून येणारा स्वयंपाकघरातला ऊन-उजेड तेवढा दिसत राहिला. तो मध्येच एकदा झाकला गेला, आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला.

तेवढ्यात सोलांजला उलटी झाली, मी तिला कुशीवर वळवलं, आणि मग अँब्युलन्स येईपर्यंत दुसरं काही पाहिलं नाही.

५

रविवार दुपार. हॉस्पिटलात सोलांजच्या नाकाला नळी आहे, पण रंग परत आलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं आणि मग काही करता आलं नसतं. मीही रक्त तपासून घेतलं. खालच्या दाराशी मलाही थोडा गॅस लागला असणार, त्याने भास होतात, हे मी डॉक्टरांना सांगायच्या आधी स्वतःला सांगितलं. रक्त अगदी चांगलं निघालं.

जेवणाच्या वेळी बेर्नोदांचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला.

"ओदीलबाई, पंख्याचा फ्यूज उडाला होता, नवीन घातला. काळजी नको. पण एवढ्यात सोडलंही तिला?"

"कोणाला?"

"सोलांजला. आत्ता अंगणातून जाताना सहज हाक मारली, तर स्वयंपाकघरातून ओ दिली तिने. म्हटलं, पडून राहा बाई, मी येत नाही आत. बरी वाटली हो आवाजावरून."

मी त्याला काय म्हटलं ते आठवत नाही. पुन्हा आत जाऊ नका, एवढं नक्की म्हटलं. दाराच्या काचेतून मला पलंगावरची माझी बहीण दिसत होती.

मी जाऊन बसले तेव्हा ती जागी होती. तिने माझी बाही धरली.

"तू वेळेवर उघडलंस," ती म्हणाली. "मला वाटलं, तू माझं ऐकलंच नाहीस परवा."

"झोप आता."

"गेल्या वर्षीचं मी कोणाला सांगितलं नाही. तू तर हसली असतीस." तिचा आवाज खरखरीत झाला होता. "आठवं नाव झालं आणि तो जिना चढून वर आला. मी दार लावून घेतलं, कडी तेव्हा नव्हती त्याला. रेमोंचा आवाज होता गं. उघड, म्हणाला. मग म्हणाला, लाडके, उघड. चाळीस वर्षांत त्या माणसाने मला कधी लाडके म्हटलं नाही. कोंबडीला म्हणायचा, मला नाही. तेव्हाच मला कळलं. मी दाराला पाठ लावून बसले, पाच वाजेपर्यंत. घंटा वाजवायला उठले असते तर दार सुटलं असतं. बेर्नोदांने खालचं दार उघडलं तेव्हा ते थांबलं."

मी तिचा हात हातात घेतला. वर्षभर अख्खं गाव जिला भित्री म्हणत होतं, आणि मनातून मीही म्हणत होते, ती ही बाई. सहा तास ती एकटी त्या दाराला पाठ लावून बसली होती. मला रडू कोसळलं.

"रडतेस कशाला वेडे, जिवंत आहे मी," ती म्हणाली. मग तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "पळायच्या आधी वरचं दार लावलंस ना?"

तिच्या छातीला लावलेल्या यंत्रावरचे आकडे माझ्या समोर होते. ते चढायला लागले.

"लावलं," मी म्हटलं. "कडीसुद्धा घातली."

आकडे हळूहळू उतरले. तिने डोळे मिटले.

"मग उद्या मला घरी सोड," ती म्हणाली. "दारातून परत जाऊ नकोस पण. दोन दिवस राहा माझ्याजवळ."

बघू म्हटलं. ती लगेच झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. नर्स येऊन गेली, म्हणाली, सकाळी दहाला सोडतील. मी हो म्हटलं.